लाळ गळायच्या आधी: चाळीसगाव तालुक्यातल्या एका गोठ्यातला लाळ्या-खुरकूत

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसगाव तालुक्यातल्या, गिरणेच्या अंगाला असलेल्या एका गावातून फोन आला. तक्रार वासराची होती. पंचवीस दिवसांचं संकरित वासरू रात्री आईला व्यवस्थित प्यालं आणि पहाटे दावणीशी मरून पडलेलं सापडलं. तोंडाला फेस नाही, पोट फुगलेलं नाही, अंगावर दंशाची खूण नाही. बाकीची जनावरं कशी आहेत असं विचारलं, तेव्हा कळलं की गायीचं दूध जरा कमी झालं आहे आणि एक बैल लंगडतो. "पण तो ऊसतोडीहून आला तेव्हापासूनच लंगडतोय साहेब, डांबरावर चालून खूर घासलाय."

मालकाच्या लेखी ह्या तीन वेगळ्या गोष्टी होत्या. वासराला दूध जास्त झालं, गायीला ऊन बाधलं, बैलाचा खूर झिजला. प्रत्येक कारण आपल्या जागी पटण्यासारखं होतं. लाळ्याचं नाव त्या घरात अजून कुणी काढलं नव्हतं, कारण या रोगाचं एकच चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं: लाळेच्या तारा सोडत, पाय झटकत उभी असलेली संकरित गाय. हे चित्र खरं आहे, पण ते एका जातीच्या, मोठ्या वयाच्या जनावराचं आणि आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं आहे. म्हैस, शेळी, वासरू, गावरान बैल यांच्यात तोच विषाणू वेगळा दिसतो, आणि आधीच्या दिवशी तर कुणातच तसा दिसत नाही. हा गोठा सविस्तर लिहायचं कारण तेच. ही सगळी रूपं एकाच दावणीला, एकाच सकाळी बघायला मिळाली.

गोठ्यात एक होल्स्टीन संकरित गाय (दुसरं वेत), तिचं हे मेलेलं वासरू, एक गाभण म्हैस, दीड वर्षाचा गोऱ्हा, एक बैलजोडी आणि खळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात पाच शेळ्या होत्या. बैलजोडी घेऊन मालकाचा धाकटा भाऊ दिवाळीआधी टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर गेला होता आणि होळीच्या दोन दिवस आधी परतला होता. परतल्यावर बैल जुन्या जागी, गायीच्या शेजारीच बांधले होते. पाणी सगळ्यांना एकाच हाळावर.

तपासणी

अशा गोठ्यात मी सगळ्यात धडधाकट दिसणाऱ्या जनावरापासून सुरुवात करतो आणि सगळ्यात आजारी जनावराला शेवटी हात लावतो. एक तर हातमोज्यांबरोबर आजार पुढे नेला जात नाही. दुसरं, मालकाने ज्याला बरं ठरवलंय त्याच्याकडेही नीट बघणं होतं. मालकाला हे आवडत नाही. त्याची गाय लाळ गाळतेय आणि डॉक्टर शेळीच्या मागे थर्मामीटर घेऊन फिरतोय.

गाय एव्हाना खरंच लाळ गाळत होती. फोन केला तेव्हा नव्हती, असं मालकाचं म्हणणं. पण रात्री दीड-दोनच्या सुमारास ती तोंडाने मचमच आवाज करत होती, हे मालकाच्या आईने ऐकलं होतं. आवाज ऐकून म्हातारीने उठून चारा बघितला, गव्हाणीत कुट्टी तशीच होती. चारा नसताना तोंड चालतंय, म्हणजे काहीतरी अडकलं असेल, एवढं समजून ती परत झोपली. हा मचमच आवाज लाळ्यात फार लवकर ऐकू येतो. जिभेवर आणि वरच्या हिरडीवर फोड आले की जनावर जीभ सारखी टाळूला लावतं, सोडवतं. दिवसा गोठ्यातल्या गलक्यात तो विरून जातो.

त्याहून आधीची खूण मालकाच्या बायकोच्या हातात होती आणि डेअरीच्या पावत्यांवर छापलेली होती. चार दिवसांपूर्वीपर्यंत सकाळचं दूध सहा लिटरच्या आसपास होतं. परवा संध्याकाळी ते साडेतीनवर आलं, काल सकाळी दोनवर. म्हणजे लाळ दिसायच्या दीड दिवस आधी दूध निम्म्यावर आलं होतं. एका वेळेत दूध इतकं पडलं तर ते उन्हानं नाही पडत, ऊन हळूहळू खातं. काल सकाळी धार काढताना गायीने लाथ मारली, तीही पहिल्यांदाच. मी सडांकडे वाकलो तशी म्हातारी मागून म्हणाली, "गायना सडले फोड शेतस, मी कालच सांग व्हतं." मागच्या डाव्या सडाच्या टोकाशी हरभऱ्याएवढा एक फोड फुटलेला होता. तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

आता तापाकडे येतो, कारण या गोठ्यात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट तीच होती. लाळ गाळणाऱ्या गायीचा ताप १०२.८ निघाला, म्हणजे जवळजवळ नेहमीचा. मालकाला हायसं वाटलं. त्याच वेळी गव्हाणीवर मान टाकून उभ्या असलेल्या, लाळेचा टिपूस नसलेल्या गोऱ्ह्याचा ताप १०५.४ होता. लाळ्यात १०४ ते १०६ पर्यंतचा ताप आधी येतो. फोड येऊन फुटायला लागले की तो उतरू लागतो. म्हणून गोठ्यात एक जनावर लाळ गाळत असेल, तर उद्या लाळ कोण गाळणार हे थर्मामीटर आजच सांगतं. गोऱ्ह्याचा वरचा ओठ उलटून पाहिला. पुढे जिथे वरचे दात नसतात त्या कडक हिरडीवर पांढरट, टम्म भरलेला, न फुटलेला फोड होता. तपासायला पाठवायचा नमुना हाच, कारण ताज्या फोडाच्या सालीत आणि पाण्यात विषाणू सर्वांत भरपूर असतो.

म्हशीच्या तोंडात दोन लहान, उथळ चट्टे होते आणि ती चारा खात होती, जरा सावकाश एवढंच. तोंड उघडून पाहिलं नसतं तर ती निरोगी म्हणून सुटली असती. म्हशीत हा आजार पुष्कळदा असाच दबून चालतो, आणि ती शांतपणे दुसऱ्याला देत राहते. पाच शेळ्यांपैकी दोन पुढचा पाय उचलून टेकत होत्या. तोंडं स्वच्छ. खुरांच्या बेचक्यात लाल, ओलसर रेषा. शेळ्या-मेंढ्यांत बऱ्याचदा एवढंच दिसतं, आणि काटा रुतला म्हणून पाय तपासून माणूस मोकळा होतो. एकाच वेळी दोन शेळ्यांना दोन काटे, तेही दोघींच्या बेचक्यात, हा योगायोग मला मानवत नाही.

शेवटी गाय. हातमोजे घालून. पिसाळलेलं जनावरही लाळ गाळतं, आणि लाळ्याच असणार या खात्रीने उघड्या हाताने तोंड चाचपणं जिवावर बेतू शकतं. गिळता येतंय का, आवाज बदललाय का, कुत्रं चावल्याचं कुणाला आठवतंय का, हे आधी विचारून घेतलं. मग नाकात बोटं घालून तोंड वर केलं आणि जीभ बाजूने ओढली. जिभेच्या पुढच्या भागाची पांढरी साल, उकडलेल्या बटाट्याची निघावी तशी, हातमोज्यात निघून आली. खाली लालबुंद, कडा अगदी ठळक असलेलं मांस. एक आंबूस वास. ज्याने हे एकदा पाहिलंय त्याला दुसऱ्या वेळी पुस्तक उघडावं लागत नाही.

जखमेचं वय

निदान इथे संपत नाही, कारण खरा प्रश्न हा होता की आजार आला कुठून. गावाचं उत्तर तयार होतं. तीन दिवसांपूर्वी शेजारच्या रानात साक्रीकडच्या मेंढपाळांचा कळप खतासाठी बसवला होता. "त्यांनीच आणला," हे माझ्यासमोर चार जणांनी सांगितलं. एक जण तर कळप हाकलून लावायला निघालेलाच होता.

लाळ्याच्या जखमेला वय असतं आणि ते बऱ्यापैकी वाचता येतं. पहिले एक-दोन दिवस भरलेला किंवा नुकता फुटलेला फोड. तिसऱ्या दिवसापर्यंत कातरल्यासारखी स्पष्ट कड असलेली लाल जखम. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कड बोथट होते, तळाशी पिवळसर थर धरतो. आठवडा उलटला की जखम आत ओढून घेते, आणि त्यानंतर जिभेवर गुळगुळीत, फिकट गुलाबी डाग राहतो. त्या जागी जिभेचा खरखरीतपणा परत यायला वेळ लागतो. पायाच्या जखमा चिखलात, घाणीत असल्याने जरा अवघड वाचल्या जातात, तोंडाच्या जास्त भरवशाच्या.

लंगडणाऱ्या बैलाची जीभ ओढली तर तिच्यावर रुपयाएवढे दोन गुळगुळीत डाग होते. लाळ नाही, ताप नाही, खाणं उत्तम. मागच्या पायाच्या बेचक्यात खपली, आणि जिथे खूर कातडीला मिळतो त्या वर्तुळावर खूर किंचित सुटलेला. ह्या जखमा दहा-बारा दिवसांच्या होत्या. बैल गावात येऊन आठ दिवस झाले होते, मेंढ्या येऊन तीन. म्हणजे बैल कारखान्यावरच आजारी पडला होता आणि मेंढ्या येण्याआधीच आजार या दावणीला बांधलेला होता. लाळ्या लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते चौदा दिवस जातात. गाय आणि गोऱ्हा त्यात चपखल बसत होते.

धाकट्या भावाला विचारताना मी लाळ्याचं नाव घेतलं नाही. "तिकडं अड्ड्यावर कुणाच्या बैलांना तोंड आलं होतं का?" एवढंच विचारलं. तो लगेच म्हणाला, हो, बाजूच्या टोळीतल्या दोघांच्या बैलांना, आणि आमचाही एक दोन दिवस चारा खात नव्हता, तुरटीच्या पाण्यानं तोंड धुतलं. "लाळ्या होता का" असं विचारलं असतं तर नाही म्हणाला असता, असं मला वाटतं. त्या नावाबरोबर बैल बंद, गाडी बंद आणि उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर, हे सगळं येतं. माणूस खोटं बोलतो असं नाही, तो रोगाचं नाव टाळतो.

संध्याकाळी कळपाकडे जाऊन मेंढपाळाशी बोलून वीसेक मेंढ्यांच्या हिरड्या आणि खुरं पाहिली. काही नव्हतं. पण आता त्यांनाच धोका होता, म्हणून गावच्या हाळावर मेंढ्या आणू नका आणि पुढचे दोन आठवडे रोज सकाळी लंगडणारी मेंढी शोधा, असं सांगितलं. मेंढपाळाने ते मालकापेक्षा लवकर समजून घेतलं.

वासराचं हृदय

वासराच्या तोंडात, खुरात एकही फोड नव्हता. म्हणूनच तर कुणाला संशय आला नव्हता. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूवर राखाडी-पिवळसर पट्टे होते. पशुवैद्यकात याला 'टायगर हार्ट' म्हणतात. कोवळ्या वासरांत, करडांत विषाणू हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो आणि फोड यायच्या आतच जनावर जातं, पुष्कळदा दूध पिताना किंवा पिऊन झाल्यावर. मोठ्या जनावरांत लाळ्याने मरण्याचं प्रमाण कमी असतं, लहानांत ते निम्म्यापर्यंतही जाऊ शकतं. गायीच्या दुधातून विषाणू तिच्या स्वतःच्या लक्षणांच्या आधीच बाहेर पडू लागतो, त्यामुळे दूध उतरलं त्या दिवशी वासरू काय पीत होतं हे उघड आहे. ठणठणीत वासरू अचानक मेलं तर घरच्यांनी आधी त्याच्या आईची कास आणि शेजारच्या जनावराचे पाय बघावेत, असा माझा आग्रह असतो. आमच्याकडे नेमकं उलट होतं: वासरू पुरलं जातं आणि विषय संपतो.

काय नव्हतं

मालकाने आधी अंगावर गाठी शोधल्या होत्या. २०२२च्या लंपीच्या साथीत जळगाव जिल्ह्याने इतकं सोसलंय की इथला शेतकरी पहिला हात कातडीवरच फिरवतो. गाठी नव्हत्या. तिव्यातही (तीन दिवसांच्या तापातही) जनावर लंगडतं आणि लाळ गाळतं, पण तो डास-चिलटांच्या दिवसांत, पावसाळ्यात जास्त. लंगडणं एका पायातून दुसऱ्यात फिरतं, तोंडात फोड नसतात आणि दोन-तीन दिवसांत जनावर उठतं. घटसर्पात गळा सुजतो, श्वास घरघरतो. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधाची विषबाधा मात्र नेहमी मनात ठेवावी लागते: लाळ भरपूर, पण बाहुल्या बारीक झालेल्या, अंग थरथरतं, पातळ शेण, आणि सगळं काही तासांत. इथे त्यातलं काही नव्हतं.

पुढे काय केलं

गोऱ्ह्याच्या फोडाची साल ग्लिसरीनच्या बफरमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात), बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवली. उत्तर पुढे 'ओ' प्रकार असं आलं. विषाणूचे एकूण सात प्रकार, त्यांतले ओ, ए आणि आशिया-१ हे तीन आपल्याकडे फिरतात आणि सरकारी लशीत हेच तीन असतात. उत्तराची वाट बघत कुणी बसलं नव्हतं. संसर्गजन्य पशुरोगांच्या २००९च्या कायद्यानुसार लाळ्या कळवणं मालकावर बंधनकारक आहे, ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवलं. मालकाचा विचार लंगडा बैल येत्या बाजारात काढून टाकायचा होता. तो पूर्णपणे थांबवला. ह्या एका गोष्टीवर आमची सर्वांत जास्त बोलाचाली झाली.

विषाणूवर औषध नाही, उपचार जखमेवर आणि तिच्यात शिरणाऱ्या इतर जंतूंवर. तोंड दिवसातून दोनदा फिकट गुलाबी होईल एवढ्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवून बोरो-ग्लिसरीन. पाय धुवून मलम, आणि माशी बसू नये म्हणून लक्ष. खुरात किडे पडले की पुढचं सगळं लांबतं. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम. चाऱ्यात कडबा पूर्ण बंद, दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कण्यांची पेज आणि कोवळा हिरवा चारा. जखमेवर जळकं ऑइल ओतू नका आणि तापलेल्या वाळूत जनावर उभं करू नका, हे दोन्ही सांगावं लागलं, कारण दोन्हीची तयारी झाली होती.

स्वच्छतेला मालकाने फिनाईलची बाटली आणली होती. या विषाणूवर फिनाईलचा फारसा जोर चालत नाही. त्याला मारतं ते एक तर आम्ल, नाहीतर अल्कली. दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) कालवून गव्हाण, दावण, टायरगाडीचं जू, चपला, डेअरीची बरणी, सगळं धुतलं. शेजारचा एक पोरगा दोन घरच्या धारा काढायचा, त्याचं एक घर बंद केलं. दूध उकळून घरात वापरायला हरकत नाही, माणसाला ह्या रोगाची भीती जवळजवळ नाहीच; पण कच्चं दूध दुसऱ्या वासराला, करडाला पाजायचं नाही. गावात लस बाहेरच्या वस्त्यांकडून आत घेत आणली, आजारी गोठा वगळून, प्रत्येक जनावराला नवी सुई.

सप्टेंबर २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली ही लस मोफत, वर्षातून दोनदा दिली जाते. गावात ती झालीही होती. बैलांच्या कानात नोंदणीचा बारा आकडी बिल्ला होता, पण फेरी आली तेव्हा बैल उसाच्या फडात होते. गाय फेरीनंतर परतालुक्यातून विकत आणलेली, तिची आधीची मात्रा सहा महिन्यांच्या बरीच पलीकडे गेलेली. वासरू चार महिन्यांच्या आतलं, त्याला लस नसतेच. आईने चिकातून दिलेल्या प्रतिकारशक्तीवरच ते अवलंबून, आणि आईकडेच ती पुरेशी नव्हती.

नंतर

गाय जगली, दूध परत आलं नाही. ज्या सडावर फोड होता तिथे कासदाह झाला आणि तो भाग आटला. त्या वेतात ती एका वेळेला अडीच-तीन लिटरवर राहिली. मेमध्ये पारा चव्वेचाळीसला गेला तेव्हा ती सावलीतही तोंड उघडून धापा टाकत होती, अंगावर लांब राठ केस आले होते. लाळ्यातून उठलेल्या काही गायींत हे राहून जातं आणि अशी गाय बाजारात कुणी जाणूनबुजून घेत नाही. म्हैस वेळेवर व्याली, पारडू ठीक. गोऱ्हा दोन आठवड्यांत पहिल्यासारखा. गावात आणखी चार गोठ्यांत लाळ्या गेला, त्यांतले दोन त्याच हाळावरचे.

बैलाच्या खुरावर, वर्तुळापासून खाली सरकत जाणारी एक आडवी भेग उरली. खूर महिन्याला जेमतेम अर्धा सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे ही भेग कित्येक महिने दिसत राहते, आणि चारही पायांवर सारख्या उंचीला असली तर जनावराला किती महिन्यांपूर्वी जोराचा आजार होऊन गेला याचा अंदाज बांधता येतो. आता मालक बाजारात जनावर घ्यायला गेला की दात बघायच्या आधी खाली बसून खुरं बघतो.

त्या वाडीतून दरवर्षी बऱ्याच जोड्या कारखान्यावर जातात. लस दिल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून टोळ्यांच्या बैलांची यादी मुकादमाकडून भाद्रपदातच घेऊन त्यांना गावच्या फेरीची वाट न बघता आधी टोचायचं ठरलं. परत आलेली जोडी गावाबाहेरच्या खळ्यात दोन आठवडे वेगळी बांधायची, पाणी बादलीने द्यायचं, आणि गोठ्यात घ्यायच्या आधी जीभ ओढून बघायची. पहिल्या वर्षी हे सगळ्यांनी पाळलं नाही. ज्यांनी पाळलं त्यांत मेंढ्यांवर ओरडणारे ते चार जणही होते.